'वर वाचा' म्हणतात ती मी

मी एक जुनी सूचना आहे, मित्रांनो. क्रिप्टो म्हणजे संगणकातली, हाताला न लागणारी नाणी. त्यांच्या गप्पांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. त्याच्या माथ्यावर मला टाचून ठेवलंय. मला ना कागद, ना शाई. तरी मी पिवळी पडलेय, असं मला वाटतं.

मला एका वायरमनने लिहिलं. त्याची स्वतःची कमाई अशाच एका योजनेत बुडाली होती. दुकानामागच्या खोलीत, तारांच्या वेटोळ्यावर बसून, एका बोटाने त्याने मला टाइप केलं. 'नक्की नफा देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आपल्या खात्याचे गुप्त शब्द सख्ख्या भावालाही सांगू नका. तुमचेच पैसे काढायला आधी कर भरा म्हणाले, तर तिथेच थांबा.' माझी ओळ न् ओळ चटका बसून सुचलेली आहे.

काय कौतुक झालं माझं तेव्हा! "दादा, वाचवलंत," असं लोक लिहीत. नवा माणूस आला की वायरमन त्याला जवळ बसवल्यासारखं विचारी, "कुणी सांगितलं तुम्हाला? काय म्हणाला? सावकाश सांगा."

पण तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले आणि माणसं कंटाळली. मग नियम झाला, आत येताना माझ्याखालचं 'वाचलं' हे बटण दाबायचं. सगळे दाबतात, वाचत कुणीच नाही. आणि प्रश्नाला उत्तर एकच, "वर वाचा."

एकदा गणवेश शिवणारी एक बाई आली. तिने लिहिलं, "स्वतःचं दुकान टाकायला पैसे साठवलेत. एक योजना नक्की नफा देते म्हणतात. घालू का?"

"वर वाचा," वायरमन म्हणाला. होय मित्रांनो, माझाच वायरमन.

"आलं गिऱ्हाईक!" दुसरा म्हणाला.

"बाई, आधी चष्मा लावा," तिसरा म्हणाला.

तिच्या लहानशा फोनवर माझी घडी पडते, नुसती एक पट्टी दिसते. वर म्हणजे कुठे, तिला कळेना. पुन्हा विचारायची लाज वाटली.

आणि मी? ज्या ओळीने ती वाचली असती, ती ओळ पोटात घेऊन मी वर टाचलेली होते. सूचनेला खाली उतरता येत नाही.

पुढचं मला तिच्याच लिहिण्यातून कळलं. माझ्याखाली तिने लिहिलं, "त्या दिवशी एकाने खासगीत निरोप पाठवला. 'ताई, त्यांचं मनावर घेऊ नका, मी आहे ना.' मला ताई म्हणणारा तो एकटाच होता. त्याच्या भरवशावर दुकानाचे पैसे घातले, ते गेले. शेवटी कर म्हणून मागितलं तेही भरलं. ही सूचना आज उघडली."

"सांगितलं होतं ना!" कुणीतरी लगेच म्हणालं.

त्या दिवसापासून वायरमन कट्ट्यावर फिरकलेला नाही.

मित्रांनो, मला जपू नका. माझी अक्षरं ठळक केली, रंग लाल केला, तरी मी मुकीच राहणार. तुमच्या दारात कुणी भांबावून उभा राहिला, तर माझ्याकडे बोट दाखवू नका. माझं एखादं वाक्य त्याला तुमच्या तोंडाने सांगा.

आजच एक पोरगेला सुतार आला. "नक्की नफा आहे म्हणतात, घालू का?"

"वर वाचा," तिघे म्हणाले.

चौथी ती बाई होती. "थांब रे दादा. तुझ्याशी खासगीत कुणी गोड बोलतंय का?"