खोक्यावर बॅरिटोन लिहिलं होतं

पार्सल हातात घेतल्याबरोबर मला ते हलकं लागलं होतं. तेहतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काढली आहेत मी. खोक्यात काय आहे ते कळत नाही, पण किती आहे ते माझा हात बरोबर सांगतो. तरीही त्या दिवशी मी गप्प बसले. त्यामुळे ही हकीकत सांगताना मला आधी माझाच राग येतो आणि मग कंपनीचा. कंपनीचा जास्त येतो, हे आत्ताच सांगून ठेवते.

आमचे हे, दत्ताराम, शाळेत शिपाई होते. पण ती झाली पोटापाण्याची गोष्ट. खरे हे गिटारवाले. लालबागपासून शीवपर्यंत असा एक गणेशोत्सव मंडळाचा स्टेज नसेल, जिथे यांच्या ऑर्केस्ट्राने हजेरी लावली नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलाला व्यसन काय? सासूबाई म्हणाल्या, गिटार. वडिलांना वाटलं, परवडलं.

दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं काठीवर आलं, पण डाव्या हाताची दोनच बोटं कामाला राहिली. सहा तारांच्या रुंद दांडीवर दोन बोटांनी काय होणार? हॉस्पिटलातून घरी आले त्याच आठवड्यात यांनी गिटार कुडाळच्या पुतण्याला देऊन टाकली. त्यानंतर घरात रेडिओ लागला नाही. मी स्वयंपाक करताना गुणगुणले तरी हे उठून गॅलरीत जाऊन बसायचे. मी गुणगुणणंही सोडलं.

यांच्या हाताला व्यायाम द्यायला अनुजा येते. फिजिओथेरपिस्ट आहे, माटुंग्याला राहते, गोड पोरगी. ती स्वतः युकुलेला वाजवते, गिटारसारखंच पण छोटं वाद्य. एक दिवस मला म्हणाली, "काकू, काकांसाठी बॅरिटोन युकुलेला घ्या. युकुलेल्यांत तो सगळ्यात मोठा. चारच तारा, आणि त्या गिटारच्या पहिल्या चार तारांसारख्याच लागतात. काकांना नवीन काही शिकायला नको, दोन बोटांतही पुष्कळ वाजेल."

हे खाटेवर बसून ऐकत होते. 'नको' म्हणाले नाहीत. आमच्या घरात दोन वर्षांत प्रत्येक गोष्टीला 'नको' होतं, त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी दादर पालथं घातलं, मग गिरगाव. दुकानांत निळे, गुलाबी, पोरांच्या वाढदिवसाला देतात तसले छोटे युकुलेले टांगलेले. बॅरिटोन म्हटलं की, "मागवावा लागेल, दोन महिने धरा." म्हणून मोबाइलवर मागवला. त्या पानावर बॅरिटोन हा शब्द तीन ठिकाणी होता. वजन सव्वा किलो, असंही लिहिलं होतं.

घटस्थापनेला पार्सल आलं. मी कात्री घेतली, तर हे म्हणाले, "थांब. दसऱ्याक पूजा करून मगच हात लावायचो."

यांचा हा नेम जुना. नवीन वाद्य पूजेआधी वाजवायचं नाही. दर दसऱ्याला माझं शिलाई मशीन, विळी, यांची गिटार ओळीने मांडून झेंडूची फुलं वाहायचो. गेले दोन दसरे त्या ओळीत एक जागा मोकळी राहिली आणि तिच्याकडे न बघता मी आरती केली. आता यांनी स्वतःहून काहीतरी मागितलं होतं. हात सांगत होता, मालन, हे हलकं आहे, उघडून बघ. मी हाताचं ऐकलं नाही. नऊ दिवस ते खोकं देव्हाऱ्याखाली सीलबंद राहिलं.

दसऱ्याला उघडलं. युकुलेला मला लहान वाटला, पण मी आयुष्यात बॅरिटोन कधी पाहिला होता? हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. यांनी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मांडीवर घेतला. तारा लावायलाच अर्धा तास गेला, हाताला कंप होता. मग यांनी वरून खाली असा सूर धरला. पहिली तार, दुसरी, तिसरी, एकेक सूर खाली उतरत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आणि चौथ्या तारेवर सूर एकदम वर गेला.

यांनी परत वाजवलं. परत तसंच. तीन वेळा, चार वेळा. खाली उतरायचा सूर चौथ्या तारेवर आला की वर. यांनी तो युकुलेला हळूच बाजूला ठेवला, जोरात टाकला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "मालन, माजो कान गेलो."

मी म्हटलं, वाद्यात काहीतरी असेल. हे म्हणाले, "वाद्यात काय असतला? बोटां गेली, ता चालला. आता कान पण गेलो." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दसऱ्याच्या दिवशी, सोनं वाटायलाही उठले नाहीत.

मी अनुजाला फोटो पाठवले. दहा मिनिटांत तिचा फोन. "काकू, हा बॅरिटोन नाहीच! लहानातला आहे. या लहान युकुलेल्यांची चौथी तार मुद्दामच उंच सुराची असते. काकांचा कान एकदम करेक्ट आहे."

माझा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन यांना सांगितलं. तर हे म्हणतात, "अनुजा? ती माजो अंगठो हललो तरी 'वा काका' म्हणता. आणि तू माजा मन राखूक सांगतंस." आता काय बोलायचं? दोन वर्षं आम्ही दोघींनी मन राखण्याशिवाय केलंय काय? आमचा शब्द आम्हीच स्वस्त करून ठेवला होता.

मग मी कंपनीला फोन लावला. चार वेळा 'हे दाबा, ते दाबा' करून झाल्यावर प्रिती नावाची मुलगी आली. आवाज असा गोड, जसं काही माझं बारसं आहे.

"मॅम, आपली रिटर्न विंडो सात दिवसांची होती."

"मी दसऱ्याला उघडलं. आमच्याकडे पूजा केल्याशिवाय वाद्याला हात लावत नाहीत."

"आय अंडरस्टँड मॅम. पण सिस्टिममध्ये सात दिवसच आहेत."

"तुमच्या सिस्टिमला दसरा माहीत नाही, पण दसऱ्याचा सेल बरा माहीत आहे!"

ती म्हणाली, सद्भावना म्हणून कूपन देऊ शकतो, पुढच्या खरेदीवर. मी म्हटलं, "कूपन घाला चुलीत. मला पैसेपण नकोत. मला फक्त एक ओळ लिहून द्या, की आम्ही चुकीचं वाद्य पाठवलं. बस. माझ्या नवऱ्याला दाखवायची आहे."

"मॅम, तसं लेखी देण्याचा ऑप्शन नाही."

ऑप्शन नाही! माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय, आणि चूक कबूल करायला कंपनीकडे बटण नाही. पोस्टात आमच्या हातून पार्सल इकडचं तिकडे झालं, तर साहेबापुढे उभं राहून लिहून द्यावं लागायचं, खाली सही, तारीख. लाज वाटायची, पण लिहायचो. आणि इथे चूक कोणाचीच नाही, फक्त सिस्टिम आहे.

मी खोकं परत बाहेर काढलं आणि लेबल वाचलं, जे पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. वजन आठशे ग्रॅम, खोक्यासकट. नुसतं वाद्यच सव्वा किलोचं म्हणून विकतात, आणि तेच वाद्य खोक्यात घातलं की आठशे ग्रॅमचं होतं! मी कागद घेतला आणि तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, मोबाइलवर नाही, हाताने. लेबलचा फोटो, पानाचा फोटो, सगळं जोडलं आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. पोच आली तेव्हा कुठे मला घास गोड लागला.

दिवाळी झाल्यावर कंपनीचा फोन आला: स्पेशल केस म्हणून माल परत न्यायला माणूस येईल. एक ओळ लिहून द्यायचं काय, विचारलं, तर फोन कट.

माणूस आला सकाळी अकराला. राजेश, चाळिशीचा, पाठीवर ही भली मोठी बॅग. आमचा दुसरा मजला चढून दमला होता, पाणी दिलं. त्याने युकुलेला बाहेर काढला, कुंकू दिसल्यावर आधी कपाळाला लावला आणि मग मोबाइल काढून फोटो घेऊ लागला. एक घेतला, दुसरा घेतला, कपाळाला आठी.

"मॅडम, मॅच होत नाय."

"काय मॅच होत नाही?"

"हे बघा ना. ऑर्डरमध्ये मोठा पीस आहे, बॅरिटोन. हा तर छोटा आहे. आयटम डिफरंट. ॲप घेतच नाय, रिजेक्ट मारायला लागेल."

मी ओरडले, "अरे, तेच तर महिनाभर सांगतेय! तुम्हीच हा पाठवलात!"

"ते मला माहीत नाय मॅडम. ॲपचं म्हणणं, जो पाठवला तो हा नाय. म्हणजे..." तो जरा घुटमळला. "म्हणजे कस्टमरने बदलला, असं धरतात."

खाटेवरून आवाज आला, "काय म्हणालास?"

हे उठून बसले होते. काठीसुद्धा न शोधता भिंतीला धरत दोन पावलं आले. "आम्ही बदललो? आम्ही चोर?"

"काका, मी नाय बोलत, ॲप बोलतं..."

"आण इकडे."

यांनी राजेशच्या हातातून युकुलेला काढून घेतला आणि खुर्चीत बसले. चाळीस दिवसांत हात लावला नव्हता. तारा उतरल्या होत्या, त्या लावल्या. म्हणाले, "कान हत ना तुका? ऐक." पहिली तार, दुसरी, तिसरी. "सूर खंय चाललो?"

"खाली," राजेश म्हणाला.

"आणि आता?" चौथी वाजवली.

राजेश बिचारा गोंधळला. त्याला आणखी सात पार्सलं होती. "परत वाजवा," म्हणाला. यांनी परत वाजवलं. त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "वर गेला, काका. हे काय बरोबर नाय वाटत. खालीच यायला पाहिजे होता."

हे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या माणसाला यांचं मन राखायचं काही कारण नव्हतं. तो यांना ओळखत नव्हता, त्याला गाण्यातलं कळत नव्हतं, आणि त्याला घाई होती. तो घोटभर पाणी प्यायला, सॉरी म्हणाला आणि युकुलेला न घेताच बॅग उचलून जिना उतरला.

लगेच माझ्या मोबाइलवर मेसेज आला: आपली विनंती नाकारली आहे, ग्राहकाने वेगळी वस्तू परत दिली. माझं डोकं असं सणकलं, की मी कागद-पेन घेऊनच खाली बसले. आता ग्राहक मंचालाच लिहिते म्हटलं, सोडत नाही कंपनीला.

"मी सांगतंय, तू लिव," हे म्हणाले.

आणि यांनी सांगितलं. कोणत्या तारेवर कोणता सूर यायला हवा आणि कोणता येतो, सगळं तारेगणिक, एकदाही न अडखळता. मी पानभर लिहिलं. शेवटी सहीच्या जागी मी सवयीने लिहिलं: दत्ताराम परब, निवृत्त शिपाई.

यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि 'निवृत्त शिपाई'वर बोट ठेवलं.

"ता खोड," म्हणाले. "गिटारिस्ट लिव."