नुसती एक उकळी

माझी जीभ सुऱ्यापेक्षा जास्त चालते, असं आमच्या मटणाच्या दुकानातली गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत! कुत्र्यासाठी हाड मागणाऱ्याला मी हाड देते आणि वर चार शब्दही सुनावते. हाड कच्चंच घाला. त्याच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं घाला. खाईपर्यंत जवळ बसा आणि लहान झालं की काढून घ्या. शिजवलेल्या हाडाच्या चिरफळ्या होतात, आतडं फाडतात.

आणि पोट उघडायची वेळ आली ती आमच्याच कुत्र्याचं, ठोंब्याचं!

"शिजवलेलं हाड आहे," जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

मी भांडायलाच उठले. "रोज मी स्वतः कच्चं हाड घरी आणते, डॉक्टर!"

त्यांनी ट्रे पुढे सरकवला. सुयांसारखे टोकदार, ठिसूळ तुकडे. मी परत खाली बसले. दोन दिवस काढले तर वाचेल, म्हणाले.

घरी आले तर आई गॅसपाशी, आणि पातेल्यात मी ठोंब्यासाठी आणलेलं हाड.

"आई, शिजवतेस तू?"

"शिजवते कुठे गं? नुसती एक उकळी. मग माझी भाजी होईपर्यंत मंद आचेवर. कच्च्यात जंतू असतात ना!"

मी तोंडाला येईल ते बोलले. मारलंस त्याला, असंही म्हणाले.

आईने गॅस बंद केला. "तू सातव्या महिन्यात झालीस, मुठीएवढी. पाणी, दूध, वाटी, चमचा, तुझा खुळखुळासुद्धा मी उकळायचे. कुणाला जगवायचं तर मला एवढंच येतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठोंब्या वाचला. महिन्याभराने डॉक्टरांनी हाड द्यायला परवानगी दिली, तर आई लांबच उभी. "मी नाही बाई हात लावणार." आणि तो गाढव माझ्याकडे ढुंकून बघेना, नजर सगळी तिच्यावर. शेवटी कच्चं हाड मी तिच्याच हातात दिलं.

तिने ते आधी त्याच्या तोंडाशी धरून मापलं. मग जमिनीवर बसली आणि एक टोक दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं. दुसरं तो चघळत राहिला. मी शेजारी बसले.

"काही होणार नाही ना गं याला?"

"नाही होणार. आई, त्या दिवशी मी जे बोलले ते..."

"गप्प बस," ती म्हणाली. "लहान झालंय बघ. काढून घे."