धवलेरीला आणायची जीप

"मार परत," बॉनेटखाली डोकं घातलेल्या योगिताने सांगितलं.

लहान्याने किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात गरगरला, सगळी जीप थरथरली, पण इंजिन काही सुरू झालं नाही.

"बस कर काका. बॅटरी उतरंल."

तळासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या पाड्यात आज लहान्याच्या संगिताचं लग्न होतं. अंगणात मांडव सजला होता, भिंतीवर लग्नाचा चौक लिहून झाला होता. फक्त धवलेरी यायची होती. लग्न लावणारी ही धवलेरी, शुक्रीआय, टेकडीपलीकडच्या पाड्यात राहायची. तिचे गुडघे धरलेले, मोटरसायकलवर तिला बसता येत नसे. ती आली, तिने गाणं म्हटलं, की मगच लग्नाला सुरुवात.

"दुसरी गाडी सांगू काय कोणाची?" लहान्याची बायको धाकली मांडवातून ओरडली.

"थांब गं जरा," लहान्या म्हणाला. "पोरगी बघतेय ना."

योगिताने हे ऐकलं आणि तिला जास्तच घाम फुटला. डहाणूला आयटीआय करून ती हायवेवरच्या एका गॅरेजात लागली होती. तिथे वर्षानुवर्षं पंक्चर काढणं आणि गाड्या धुणं यापलीकडे तिच्या हाती काही आलं नाही. शेवटी पाड्याजवळ पत्र्याची शेड घालून ती पाण्याचे पंप आणि मोटरसायकली दुरुस्त करू लागली. लहान्याच्या जीपचं डिझेल इंजिन तडकलं, तेव्हा सगळ्यांनी जीप भंगारात काढायला सांगितलं. योगिता एवढंच म्हणाली, "अपघातातल्या गाडीचं पेट्रोल इंजिन मिळतंय. इंजेक्शनवालं आहे. बसंल यात." लहान्या म्हणाला, "मग बसव." तुला जमेल का, हे त्याने तेव्हाही विचारलं नव्हतं आणि आजही विचारत नव्हता. तेच तिला जड जात होतं.

इंजिन बसवून झालं होतं, पण अजून एकदाही सुरू झालं नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या टाकीतला पंप गुंऽऽ करायचा. म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लग काढून पाहिला, कोरडा. तो वायरीला लावून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि लहान्याला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी नाही. पेट्रोलही फवारत नाही, ठिणगीही पडत नाही, म्हणजे दोन्हींना हुकूम देणारा कम्प्युटरच झोपलेला. तिने फ्यूज तपासले, अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट केल्या, सेन्सर बदलून पाहिला. प्लग परत बसवून किल्ली मारली. काही नाही.

एव्हाना पाहुण्यांचा घोळका जीपभोवती जमला होता.

"अरे, ढकलून बघा की!" कोणीतरी म्हणालं.

"असल्या गाड्या ढकलून काय होनार?" दुसरा म्हणाला.

पण लग्नाला आलेल्या माणसांना हात लावायला काहीतरी हवंच होतं. बघता बघता दहाबारा जण मागे लागले. हळद लागलेली संगितासुद्धा धावत आली आणि तिच्या पिवळ्या हातांचे ठसे मागच्या फाळक्यावर उमटले.

"ए नवरी, तू बाजूला हो!" धाकली ओरडली.

"माझ्याच लग्नाची गाडी हाय!"

योगिता स्टिअरिंगवर बसली. जीप उतारावर घरंगळली, तिने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, आणि इंजिन असं काही अलगद सुरू झालं की मागचे लोक ढकलतच राहिले.

मग एकच आरडाओरडा झाला. कोणी शिट्टी मारली, कोणी बॉनेटवर थाप मारली. तारपा वाजवणाऱ्याने तिथेच तारपा फुंकून सूर धरला. योगिताने विहिरीला वळसा घालून जीप परत आणली आणि सगळ्यांसमोर बंद केली.

"आता का बंद केलीस?" लहान्या पहिल्यांदाच जरा रागावला.

"तिकडे जाऊन बंद पडली तर शुक्रीआयला ढकलायला लावशील काय?"

हशा झाला, पण योगिता हसली नाही. ती किल्लीकडे बघत बसली होती. ढकलताना चालू होते, स्टार्टरने नाही. ढकलताना किल्ली एका जागी राहते. स्टार्टर मारताना ती आणखी पुढे जाते.

तिने टेस्टलॅम्प काढला आणि कम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीला लावला.

"काका, किल्ली अर्धी फिरव."

दिवा लागला.

"आता स्टार्टर मार."

इंजिन फिरू लागलं आणि दिवा विझला.

"आई गं!" योगिताने कपाळावर हात मारला. "काका, मी गाढव हाय!"

"काय झाला?"

"कम्प्युटरची वायर मी स्विचमागे गाण्याच्या टेपच्या टोकाला जोडली. स्टार्टर मारला की जुना स्विच टेप बंद करतो, सगळा जोर स्टार्टरला देतो. ऐन वेळेला मीच कम्प्युटरचा घास काढून घेतला."

"डिझेलला असा कधी झाला नाय."

"डिझेलला कम्प्युटर कुठे होता?"

स्विचच्या मागे आणखी एक टोक होतं. किल्ली पुढे गेली तरी त्यात वीज राहायची. योगिताने वायर तिथे हलवली, नीट कसली आणि मांडवाकडे बघत म्हणाली, "मार."

लहान्याने किल्ली फिरवली, सोडली. थोडा वेळ वाट पाहिली. मग पुन्हा फिरवली, तर कर्रर्र असा भयंकर आवाज आला.

"अरे, चालू हाय! चालू हाय ती!" योगिता धावली.

"चालू हाय?" लहान्याने खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला. हाताखाली इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "मला वाटला, मेली परत."

लहान्या आणि योगिता शुक्रीआयला आणायला निघाले. तिला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, योगिता मागे बसली. टेकडी उतरताना शुक्रीआयने पदर सारखा केला आणि गळा मोकळा करायला म्हणून हळूच गाणं धरलं. लेकीला हळद लागली, आता तिची पावलं दुसऱ्याच्या अंगणात पडणार, असं ते गाणं होतं. लहान्याने या जीपमधून किती नवऱ्या पोचवल्या होत्या, किती धवलेऱ्या आणल्या होत्या. पण डिझेलच्या धडधडीत शेजारी बसलेलं माणूस काय गातं ते त्याला कधी ऐकू आलं नव्हतं.

शुक्रीआय गात राहिली. पाडा जवळ आला, मांडवाचे डहाळे दिसू लागले. लहान्याने गिअर उतरवला. मग आणखी एक उतरवला. मागून एक मोटरसायकल हॉर्न देत पुढे निघून गेली.

"काका, काय बिघडलं का?" योगिताने विचारलं.

"नाय," लहान्या म्हणाला. "चांगली चालते."

आणि त्याने जीप तशीच, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पाड्याकडे नेली.