विहिणीची झोप

झोप माणसाच्या पाठीत असते, डोळ्यांत नसते. पाठ दिवसभर वाकली की डोळे आपोआप मिटतात. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले आणि तिथं मास्तरच झोपलेले असायचे. पण एवढी सोपी गोष्ट वणीच्या कमळाबाईला पटवताना माझ्या पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. आम्ही नाशकात सिडकोत राहायचो. माझी उज्वला बालवाडीवर शिकवायची. तिला वणीच्या अमोलचं स्थळ आलं. मुलगा सातपूरला कंपनीत कामाला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. उज्वलानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, करीन तर हाच." माझी काही हरकत नव्हती. पण भद्रकालीच्या भाजीबाजारात अमोलच्या भावजयीची, सविताची गाठ पडली. ती सासूला सोडून वेगळी निघालेली.

मी विचारलं, "काय गं, मारायची का सासू? उपाशी ठेवायची का?"

"नाय मावशी. माणसं सोन्यासारखी. पण सासूला रात्रभर झोप नाय, अन् ती दुसऱ्याला झोपू देत नाय. सविता, पाणी दे. सविता, दाराला कडी घातली का? सविता, पाय चेप. मी तर गिरणीत दळणाच्या रांगेत उभी राहून झोपायला लागले."

आता अमोल लग्नानंतर नाशकात खोली घेऊन आईला, म्हणजे कमळाबाईला, इकडंच आणणार होता. म्हणजे सविता सुटली, उज्वला अडकणार. रात्रभर जागायचं आणि सकाळी बालवाडीत पंचवीस पोरं सांभाळायची! नाही म्हणावं तर पोरीचं मन मोडतं, हो म्हणावं तर पोरगी वाळून जाते. आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुपारी फोडायची, त्याच्या आत मला उत्तर द्यायचं होतं.

तेवढ्यात कमळाबाईचे दात मदतीला आले. म्हणजे गेले. सगळे काढून झाले होते आणि कवळीसाठी नाशकात वरचेवर खेपा घालाव्या लागणार होत्या. अमोल मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा, तिथं आईला कुठं ठेवणार? मी निरोप धाडला, आमच्याकडं पाठव. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. सुपारी फुटायच्या आधी मुलाची आई मुलीच्या घरी मुक्कामाला? मी म्हटलं, ती आधी माझ्या मावसबहिणीची नणंद आहे, मग मुलाची आई. कमळाबाईसुद्धा लगेच तयार झाली. तिला मुलगी बघायची होती. मला सासू बघायची होती.

आली ती झोपेचं सगळं दुकान पिशवीत घालून. जायफळ, खसखस, गळ्यात ताईत, उशीखाली ठेवायला कसलीशी मुळी आणि तळपाय घासायला काशाची वाटी.

"झुंबरबाई, डोळ्याला डोळा नाय बघा," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "चार चार डाक्टर झाले."

रात्री उज्वला तूप लावून तिचे तळपाय काशाच्या वाटीनं घासायला बसली. थोड्या वेळानं मी डोकावले तर पोरगी कमळाबाईच्या पायांवर डोकं ठेवून गाढ झोपलेली आणि कमळाबाई टक्क जागी.

"बघा!" ती म्हणाली. "पाय माझे अन् झोप हिला!"

दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर नजर ठेवली. सकाळी उन्हं डोक्यावर येईपर्यंत अंथरुणात. मग चहा. आंघोळीनंतर चहा. दुपारचं जेवण झालं की पंख्याखाली जी आडवी झाली ती चार वाजता चहाला उठली. दिवेलागणीला चहा. जेवणावर, पचायला म्हणून, आणखी चहा. एवढ्या चहावर तर आमच्या कोपऱ्यावरचा विजेचा खांबसुद्धा जागा राहिला असता.

मी हळूच म्हटलं, "दुपारी बरी झोप लागली की तुम्हाला."

"मला? मी नुसती पडते."

"घोरत होता."

"तो तुमचा पंखा घोरतो. तेल घाला त्याला."

असल्या बाईला सांगून उपयोग नसतो. तिला कामाला जुंपावं लागतं आणि जुंपलंय हे तिला कळू द्यायचं नसतं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापडाची सावड चालायची. सावड म्हणजे आज सगळ्या मिळून माझ्याकडं लाटायला या, उद्या मी तुमच्याकडं येते. पैशाचा व्यवहार नाही, पण तुमच्या घरी जेवढ्या बायका लाटून गेल्या तेवढ्या घरी तुम्ही जायचंच. सावड बुडवणाऱ्या बाईच्या दारात मग कोणी हळदीकुंकवालासुद्धा उभं राहत नाही.

मी कमळाबाईला म्हटलं, "वणीला न्यायला उडदाचे पापड करून देते. पीठ माझं. तुम्ही हात लावू नका, नुसत्या बसा."

ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन आल्या आणि तिचे पापड लाटून दिले. ही खाटेवर बसून "हा जाड झाला, तो वाकडा झाला" सांगत होती. काम संपलं. शेजारची बायडाबाई लाटणं पुसत उठली आणि म्हणाली, "मग कमळाबाई, उद्या माझ्याकडं या. परवा कुसाबाईकडं. अन् मग वरच्या आळीला."

कमळाबाईचं बोळकं उघडंच राहिलं. "मी? मी तर पाहुणी..."

"पापड कुणाचे हायेत?" बायडाबाईनं विचारलं.

कमळाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी वर पंख्याकडं पाहिलं.

चहाचा बंदोबस्त दवाखान्यात केला. डॉक्टर भराभरा बोलत होते, तिला निम्मं कळलं नाही. ते निम्मं मी रिक्षात समजावून सांगितलं. दिवस मावळल्यावर चहाचा थेंब घ्यायचा नाही, हिरड्या फुगल्या तर कवळी बसायची नाही. डॉक्टर असं म्हणाले नव्हते, पण त्यांना सुचलं असतं तर म्हणाले असते. दात नाहीत म्हटल्यावर रात्रीला मऊ मुगाची खिचडी, तीही लवकर. त्यात मला काही खोटं बोलावं लागलं नाही.

बायडाबाईकडं त्या दिवशी कुरडयाही होत्या. गव्हाचा चीक दिवस उगवायच्या आत शिजवायचा असतो, म्हणून कमळाबाईला मी अंधारातच उठवलं. कुरकुरत का होईना, गेली. दुपारी मात्र "गच्चीवर कुरडया राखते" म्हणून सटकली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत आडवी झाली. कावळ्यांनी निम्म्या कुरडया नेल्या, उरलेल्या खारींनी कुरतडल्या.

बायडाबाई काही रागावली नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "असू द्या. वणीकडं कावळेच बायकांना राखत असतील."

त्या रात्री कमळाबाई जागीच होती. पण मला वाटतं, चहानं नाही, अपमानानं. दुसऱ्या दिवशी ती डोक्याला ओलं फडकं बांधून, हातात वेळूची काठी घेऊन कुसाबाईचं वाळवण राखायला उन्हात बसली ती पापणी न लववता. मग तिच्याकडंच लाट्या संपेपर्यंत पापड लाटले. कावळे त्या दिवशी पलीकडच्या कॉलनीत जेवले.

आणि संध्याकाळी खिचडी खाता खाता ती ताटावरच झोपली. घास हातात, मान छातीवर. मी आणि उज्वलानं उचलून गादीवर टाकली. उज्वलानं आपलं सवयीनं दोनदा तळपायाला वाटी फिरवली. कमळाबाई हलली नाही. घोरणं असं, की वरच्या मजल्यावरचे लोक खाली विचारायला आले, बोअर मारताय का?

सकाळी ती उठली आणि आधी घाबरलीच. "मला काय पाजलं?"

"पाणी," मी म्हटलं.

मग तिला पायाशी काशाची वाटी दिसली. अमोल आईला भेटायला तेवढ्यात येऊन टेकला होता. त्याच्यासमोरच तिनं उज्वलाच्या गालावरून बोटं मोडली. "पोरीच्या हाताला गुण हाय रे अमोल! इतकी वर्षं सविता घासत होती, काय उपयोग? हिनं हात लावला अन् मी मेल्यासारखी झोपले. आता ही माझी सून. रोज रात्री हिच्याच हातनं घासून घ्यायचं, मला झोप लागेपर्यंत!"

अमोल हसला. उज्वला लाजली. मी गप्प राहिले असते तर लग्न त्याच घडीला ठरत होतं. पोरीनं डोळ्यांनी मला खुणावलंसुद्धा, आई, बोलू नको.

पण "झोप लागेपर्यंत" हे शब्द माझ्या कानात कुसळासारखे रुतले. झोप लागेपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? आता पापड आहेत म्हणून. पावसाळ्यात काय?

मी बोलले. "कमळाबाई, हाताला गुण नाय अन् वाटीलाही नाय. तुम्ही दुपारभर घोरता म्हणून रात्री जागता. काल दुपारी झोपला नाहीत, संध्याकाळी चहा प्यायला नाहीत, उन्हात राबलात, म्हणून झोप आली. माझ्या पोरीला त्यात गोवू नका."

कमळाबाईनं वाटी बाजूला सारली.

"म्हणजे मी ढोंगी?" कमळाबाई म्हणाली. "घरी बोलावून मला मोलकरणीगत राबवलं, अन् वर ढोंगी? झुंबरबाई, तोंडात दात असते तर चावले असते तुम्हाला!"

तिनं पिशवी भरली. अमोल मधे पडायला गेला तर त्यालाच ओरडा बसला. उज्वलानं माझ्याकडं असं पाहिलं की मला तिथल्या तिथं म्हातारं झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दारातून वरच्या आळीच्या बायकांनी हाक दिली, "कमळाबाई, येताय ना? लाट्या पाडून ठेवल्यात."

कमळाबाई पिशवी हातात घेऊन थांबली. "सावड फेडून जाईन," ती म्हणाली. "वणीचं नाव नाय घालवायची. पण तुमच्या घरचं पाणीसुद्धा नाय पिणार."

दिवसभर वरच्या आळीला लाटत बसली. जेवली तिथंच. दिवस मावळताना पिशवी न्यायला आली, तोवर वणीची गाडी गेलेली. अमोल सकाळी सोडतो म्हणाला. ती माझ्याशी एक शब्द न बोलता पिशवीला टेकून बसली आणि बसल्या बसल्याच कलंडली. आम्ही कोणी तिला हात लावला नाही.

सकाळी मी चूल पेटवत होते. आता गॅस होता, पण मी त्याला चूलच म्हणते. कमळाबाई मागं येऊन उभी राहिली.

"रात्री वाटी कुठं होती?"

"फडताळात."

"जायफळ?"

"उगाळलं नाय."

"अन् पोरगी?"

"आतल्या खोलीत. माझ्यावर रुसलीय."

तिनं फडताळ उघडून वाटी तिथंच आहे ना ते पाहिलं. मग खाली बसली. "च्या टाका," ती म्हणाली. "सकाळचा चालतो ना?"

आखाजीला आमच्या घरी माणसं जमली. आमच्या भावकीतले गोटीराम आबा मधे बसले. देण्याघेण्याचं विचारलं तर कमळाबाई म्हणाली, "काही नको. माझी एकच अट हाय, ती चारचौघांत बोलून घ्या. रात्री मी सुनेला हाक मारायची नाय. पण दुपारी मी आडवी झाले तर सुनेनं मला उठवायचं. मी शिव्या दिल्या तरी उठवायचं."

गोटीराम आबांनी कानावर हात ठेवून पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "सासूची झोप मोडायचा सुनेला हक्क? असली अट मी उभ्या जन्मात ऐकली नाय."

सगळे हसायला लागले. उज्वला दाराआड उभी होती. तिथूनच तिनं विचारलं, "मावशी, तरी उठला नाहीत तर?"

"तोंडावर पाणी मार."

पोरीनं क्षणभर विचार केला. "माठातलं का नळाचं?"

कमळाबाई माझ्याकडं वळली. "पोरगी तुमचीच हाय, झुंबरबाई," ती म्हणाली आणि आबांच्या पुढ्यात सुपारी सरकवली. "फोडा लवकर. दुपार व्हायला आली."