खत विसरलेला पट्टा

पेरणीच्या एका फेरीला यंत्राची खताची पेटी रिकामीच होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढे सगळा जिरायती गहू हिरवागार झाला आणि मधला एक पट्टा पिवळट, खुरटा राहिला. "ही आमच्या वहिनींची सही," म्हणत दीर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मग पाऊस फिरकलाच नाही. कापणीआधी मी दोन्हीकडच्या ओंब्या तळहातावर चोळून पाहिल्या. हिरव्या गव्हाने खताच्या जोरावर पाला वाढवून जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकली होती. त्याचे दाणे सुरकुतलेले निघाले, पिवळ्याचे टपोरे.

दिरांनी एक दाणा चावला, मग दुसरा. हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी खत नेमकं किती विसरायचं?"