निरंक

कांडीच्या टोकाची पेस्ट त्या सकाळी तीन सेंटीमीटरपर्यंत लाल झाली होती. हर्षाने पट्टी लावून मोजलं, पट्टी पुसून पुन्हा मोजलं. तीनच.

बपेऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या पेट्रोल पंपावर रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत तळापर्यंत कांडी सोडावी लागे. टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला नाही, म्हणजे टाकीत पाणी नाही. मग रजिस्टरच्या ‘पाणी’ या रकान्यात एकच शब्द लिहायचा: निरंक. खरं तर हर्षाचं काम पंपाच्या दुकानात बसून बिस्किटं, वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्या विकण्याचं. पण ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. ‘आमच्या पंपावर सायंटिस्ट हाये,’ असं मालक चंद्रकुमार गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे, आणि कांडीचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं.

ती ऑगस्टमधली गोष्ट. आठवडाभर झड लागली होती आणि टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं होतं.

“सेठजी, टाकीत पाणी शिरलंय. विक्री बंद करावी लागेल,” ती म्हणाली होती.

“अवो म्याडम, दुपारी टँकर येऊन राहिला. त्यात मिसळून जाते सारं. तुम्ही निरंक लिहा अन् दुकान उघडा.”

मिसळून जात नाही, हे तिला ठाऊक होतं. हल्लीच्या पेट्रोलात स्पिरिट असतं. ते पाण्याला धरतं आणि दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पंपाचा पाइप तळाजवळूनच ओढतो. कॉलेजात बाटलीत हलवून पाहिलेला प्रयोग होता तो. तिने निरंक लिहिलं आणि खाली सही केली. बाप नव्हता, घरी आई, आणि सायकलने जाता येईल अशी दुसरी नोकरी पंचक्रोशीत नव्हती.

अकराच्या सुमाराला एक मोटारसायकल आली. पुढे घनश्याम, मागे त्याचा मोठा भाऊ सोमाजी, आणि दोघांच्या मध्ये सोमाजीची बायको रुखमिणी. धानाच्या बांधीत निंदण करताना तिला साप चावला होता. पोटरीला दुपट्टा करकचून बांधलेला. तिघं तुमसरच्या दवाखान्यात निघाले होते आणि गाडी रिझर्व्हला लागली होती. सोमाजी धावत दुकानात आला.

“पानी द्या, बाई. साधं द्या, थंडं नोको.”

हर्षाने बाटली दिली. काचेतून तिला गाडीच्या टाकीत घातलेलं नोझल दिसत होतं. ते वीस आकडे मोजेपर्यंत आत राहिलं. दारापर्यंत जायला पाच पुरले असते. तिने वीसही मोजले.

सात किलोमीटरवर, जंगलाच्या पट्ट्यात, गाडी बंद पडली ती पडलीच. मोबाइलला रेंज नाही. ट्रॅक्टर मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. रुखमिणी ट्रॉलीतच गेली.

त्याच संध्याकाळी चंद्रकुमारने टाकी उपसली आणि नवीन रबर बसवलं. त्याला कोणी काही विचारलं नाही. गावाने निवाडा करून टाकला होता: घनश्यामची गाडी भंगार, कधी सर्व्हिसिंगला न दिलेली, तिने वहिनीचा जीव घेतला. सोमाजीने सख्ख्या भावाला तेरवीच्या पंगतीतून उठवलं. त्यानंतर गावात कोणी घनश्यामशी धड बोललं नाही.

हर्षा दर रविवारी आईबरोबर विहारात जाई. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी तिचा आवाज आपोआप खाली येई. खोटं बोलणार नाही, अशी ती ओळ. आईने एकदा विचारलंसुद्धा, “घसा बसला का वं?”

आता डिसेंबर लागला होता. सोमाजी आठवड्यातून दोनदा तरी दुकानात येई आणि दारातूनच विचारी, “पानी हाये का?” दर वेळी हर्षाचा हात फ्रिजच्या मुठीवर क्षणभर थांबे. आज सांगू, असं ती दर वेळी ठरवी. तो बाटली घेई, पायरीवर बसे आणि बराच वेळ झाकण न उघडताच धरून ठेवी.

त्या दुपारी तो तसाच बसलेला असताना जीप चालवणारा नत्थू वेफर्स घ्यायला आला.

“म्याडम, हे पाकीट म्हंजे निस्ती हवा. बाहेर टायरात फुकट भरता अन् आत विकता.”

“हवा नाही, नत्थूभाऊ, नायट्रोजन आहे.”

“बापा! म्हंजे इतके दिवस आमी गॅस खाऊन राहिलो?” तो हसला. मग पायरीकडे पाहून त्याने आवाज उतरवला. “सोमाजीभाऊ, घनश्याम उभा हाये समोर. कटंगीकडच्या गाडीची वाट पाह्यते. बायको, लेकरं, गठुडे, सारंच घेऊन. वीटभट्टीवर चालला. घराले बी गिऱ्हाइक पाहून ठेवलं म्हनते.”

“जाऊ दे.”

“अगा, पाठचा भाऊ हाये तुहा.”

“तिचा जीव गेला, नत्थू. मले भाऊ नाही.”

नत्थू पाकीट घेऊन निघून गेला. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली घनश्याम पाठमोरा उभा होता. त्याची लहान मुलगी गठुड्यावर बसून पाय हलवत होती. पायरीवर आपला मोठा बाबा, सोमाजी, दिसला तसा तिने हात वर केला. आईने तो धरून खाली केला.

सोमाजी उठून काउंटरपाशी आला.

“पोरी, तू शिकलीसवरली हायेस. सांग मले. वेळेवर सर्व्हिसिंगले देली असती गाडी, तं बंद पडली असती का?”

दूर वळणावर बसचा हॉर्न वाजला. चंद्रकुमार बाहेर कोणाशी तरी हसत बोलत होता. हर्षाने खालचा कप्पा उघडला, ऑगस्टचं रजिस्टर काढलं आणि पान उलटून त्याच्यासमोर ठेवलं. तिचं बोट एका शब्दाखाली होतं.

सोमाजीने डोळे बारीक करून अक्षरं जुळवली. “नि… रं… क. म्हंजे काय वं?”

“म्हणजे काही नाही. टाकीत पाणी नाही, असं.”

“मंग?”

बस वळण घेऊन दिसू लागली होती. घनश्याम वाकून गठुडं उचलत होता.

“ही सही माही हाये, काका,” हर्षा म्हणाली. घरी बोलायची तसं तिच्या तोंडून येत होतं, आणि आवाज खाली गेला नव्हता. “मी खोटं लिहिलं. त्यायच्या गाडीत काहीच खराबी नव्हती. त्या दिवशी पेट्रोलात पानी होतं, अन् मले मालूम होतं.”