आपण मर्यादा ओलांडली आहे

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. आमच्या जातीत एवढ्यातच म्हातारपण येते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही हसणार नाही. ओतूरच्या बाजारपेठेत सलीमभाईंचे कापडाचे दुकान आहे, तिथल्या गल्ल्यावर मी बसते. बँकेच्या कागदावर माझे नाव चांगले लांबलचक आहे, पण इथे मला सगळे ‘टेकवायची डबी’ म्हणतात. गिऱ्हाइकाने आपला मोबाईल माझ्या कपाळाला टेकवायचा, मी बोलायचे आणि पैसे पोहोचायचे. काम एवढेच. तरीही माझ्याइतकी बोलणी या पेठेत दुसऱ्या कोणी खाल्ली नसतील.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे अंग, पोटात बॅटरी आणि छातीत एक स्पीकर. त्या स्पीकरात एका बाईच्या आवाजातली दोन वाक्ये भरली. पहिले, ‘पैसे मिळाले, धन्यवाद.’ त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याने मात्र माझ्या आयुष्याचे मातेरे केले. फोन टेकवून एका वेळी किती खर्च करता येईल, याची एक हद्द बँकेत ठरवून ठेवलेली असते. फोन हरवला तर चोराने सगळे लुटू नये म्हणून ती सोय. रक्कम त्या हद्दीबाहेर गेली की मी म्हणायचे, ‘आपण मर्यादा ओलांडली आहे.’ ज्या कोणी हे वाक्य लिहिले त्याचे व्याकरण अगदी शुद्ध आहे. फक्त ते कोणाच्या तोंडावर म्हणायचे आहे, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आले नाही. आणि वर आवाज असा खणखणीत, की समोरच्या भांड्यांच्या दुकानात ऐकू जावा!

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. सलीमभाई रोज सकाळी मऊ कापडाने मला पुसत. आळे, उदापूर अशा जवळच्या गावांतल्या बायका उगाचच रुमाल विकत घेऊन फोन टेकवून बघत आणि मी ‘धन्यवाद’ म्हणाले की खूश होत. लहान मुले तर माझ्याशी गप्पा मारत.

मग एके दिवशी हौशीराम गुरुजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, स्वच्छ पांढरा सदरा, पेठेत मान. मुलीच्या घरी द्यायला त्यांनी चादरी, पडदे असे बरेच काही घेतले आणि फोन टेकवला. मी माझे दुसरे वाक्य बोलले. गुरुजी दोन पावले मागे सरले.

“छत्तीस वर्षं मी मुलांना मर्यादा शिकवली,” ते सलीमभाईंना म्हणाले, “आणि आता ही डबी मला शिकवणार?”

“गुरुजी, ते बँकेचं मशीन हाय. मनावर घेऊ नका,” सलीमभाई हात जोडत म्हणाले. पण गुरुजींनी मनावर घेतले. चादरी तिथेच ठेवून ते पलीकडच्या कापडाच्या दुकानात गेले आणि अजून तिकडेच जातात. मला सांगा, यात माझा काय दोष? मला ‘माफ करा’ म्हणता येत नाही, ते वाक्य माझ्यात भरलेलेच नाही. सलीमभाईंनी बँकेच्या माणसाला दोनदा विनवले. तो म्हणाला, वाक्य बदलता येत नाही. मग त्यांनी माझ्यावर टॉवेल घालून पाहिला. टॉवेलाखालून मी नुसती घुसमटल्यासारखी ऐकू येई, म्हणजे वाक्य तेच, पण आजारी बाईने म्हटल्यासारखे. शेवटी त्यांनी टॉवेल काढला आणि गिऱ्हाईक फोन टेकवू लागले की सलीमभाई देवाचे नाव घेऊ लागले.

गेल्या वैशाखात एक बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची माणसे एकत्र येतात, गादीवर बसतात, चहा होतो, शेवटी सगळ्या कपड्यांचे गाठोडे बांधून त्याला हळदकुंकू लावतात. मुलीकडून चांगदेवभाऊ आले होते, इथलेच शेतकरी. बरोबर घरच्या दोन-तीन बायका आणि मुलगी समृद्धी, अवसरीच्या कॉलेजात शिकलेली. मुलाकडून त्याची आई, डिंभे धरणाकाठच्या लंकाबाई, एकट्याच आल्या होत्या. त्यांचे यजमान हयात नव्हते आणि मुलगा समर्थ चाकणला कामावर होता. लग्नाला बारा दिवस उरले होते.

सगळे छान चालले होते. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा असतो. लंकाबाईंनी समृद्धीला जवळ बसवून घेतले आणि तिच्या अंगावर एकेक शालू टाकून पाहिला. एक जांभळा ठरला. चांगदेवभाऊ म्हणाले, “विहीणबाई, लई भारी झाला, जरा हलका बघू.”

“एकच तर सून हाय मला,” लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, पदराने पुसला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. “समर्थनं घिऊन दिलाय. आता पैसं मोजायचं न्हाई, नुसतं टेकवायचं.”

मला शालूचा आकडा दिसत होता. त्यांच्या लेकाने आईच्या काळजीपोटी लावून ठेवलेल्या हद्दीच्या तो कितीतरी बाहेर होता. नको, टेकवू नका, असे मला ओरडावेसे वाटले. त्यांनी टेकवला.

‘आपण मर्यादा ओलांडली आहे.’

लंकाबाईंना वाटले, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा टेकवला आणि मी पुन्हा तेच बोलले, त्याच खणखणीत आवाजात. तेवढ्यात समृद्धीला हसू फुटले. तिच्या मनात वाईट काही नव्हते, वाक्यच तसे होते. पण ती हसली हे खरे.

लंकाबाई उठल्या.

“नवरा गेला तवा समर्थ चार वर्साचा व्हता, सलीमभाऊ. धरणाचं मासं टोपलीत घालून मी घोडेगावच्या बाजारात बसले. तवा भावकीनं हाच शब्द वापरला व्हता. म्हनं, बाईनं मर्यादा ओलांडली. ईस वर्सं ऐकून घेतलं म्या. आता व्याह्यासमोर ह्या डबीकडनं ऐकू? आन् घरात यायच्या आधीच सुनंनं हसायचं?”

“अवं मावशी, ती पैशाची मर्यादा हाय, तुमची न्हाई!” सलीमभाई कळवळून म्हणाले.

“शब्द त्योच हाय न्हवं?” लंकाबाई म्हणाल्या.

त्यांनी पायात चपला सरकवल्या. “बस्ता ऱ्हाऊ द्या. समर्थशी बोलते आन् कळवते.”

चांगदेवभाऊंच्या तोंडचे पाणी पळाले. बस्ता अर्ध्यावर टाकून विहीण उठली तर लग्न उरत नाही, हे गादीवरच्या प्रत्येकाला कळत होते. ते मुलीवर ओरडले, “हसलीस कशाला? पाया पड त्यांच्या!” आणि मग हात जोडून स्वतःच विहीणबाईंच्या वाटेत उभे राहिले. मित्रांनो, मी चार वर्षांत कधी एवढी संतापले नव्हते. एका मुलीचे लग्न मोडत होते आणि ते मोडणारी मी होते. बँक नाही, वाक्य लिहिणारा नाही, गल्ल्यावर बसलेली मी.

समृद्धी पाया पडली नाही. ती गल्ल्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते.

“सलीमचाचा, शालूचाच आकडा परत घाला,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्या फोनला तरी एवढी हद्द हाय का?”

“न्हाई. ठाऊक हाय मला. घाला तुमी.”

सलीमभाईंनी आकडा घातला. तिने आपला फोन माझ्या कपाळाला टेकवला आणि लंकाबाईंकडे तोंड करून उभी राहिली. मी काय करणार? मला दुसरे येते काय?

‘आपण मर्यादा ओलांडली आहे.’

या वेळी कोणी हसले नाही.

“आत्या,” समृद्धी म्हणाली, “तुमी एकट्यानं नका ऐकून घेऊ. आता आपन दोघींनी वलांडली.”

लंकाबाई चपला घालून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या, मोठ्याने, पेठेला ऐकू जाईल अशा. पदर काढला तेव्हा त्या चांगदेवभाऊंना म्हणाल्या, “पोरीवर वरडू नका, व्याही. आता ती माझी हाय.” आणि चपला काढून पुन्हा गादीवर बसल्या. सलीमभाईंनी शालूची रक्कम हद्दीत बसतील असे चार तुकडे करून घातली, लंकाबाईंनी चार वेळा फोन टेकवला आणि मी चार वेळा ‘धन्यवाद’ म्हणाले. त्यातले एकही कोणी ऐकले नाही. बायका गाठोड्याला हळदकुंकू लावत होत्या.

तेव्हापासून सलीमभाई रक्कम मोठी दिसली की मला उचलून खणात ठेवतात आणि रोख मागतात. खणात अंधार असतो, शेजारी मापाच्या तुटक्या टेपा आणि खडूचे तुकडे. माझ्यात बिघाड काही नाही, फक्त माझ्यावर भरवसा उरलेला नाही. मला राग येतो तो याचाच.

मित्रांनो, तुमच्यातला कोणीतरी मोठेपणी यंत्रांना बोलायला शिकवणार आहे. त्याला माझी हात जोडून विनंती आहे. यंत्राच्या तोंडी एखादे वाक्य घालण्याआधी आपल्या आईसमोर उभे राहा, तिच्या डोळ्यांत बघा आणि ते वाक्य मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली तर दुसरे वाक्य शोधा, वेळ लागला तरी शोधा. ‘एवढी रक्कम एका वेळी जात नाही, थोडी थोडी करून टेकवा.’ लंकाबाईंना मला एवढेच सांगायचे होते.